मुंबई बंदराचा चार्ट : भिंतीवर लावण्यापूर्वी वाचून घ्यावा असा कागद

गिरगावातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भूगोल शिकवते. अकरावीच्या वर्गासाठी यंदा मुंबई बंदराचा छापील सागरी चार्ट विकत घेतला आणि गेले चार महिने तो वर्गात, घरी आणि दोनदा प्रत्यक्ष किनाऱ्यावर वापरला. जहाजावरची माणसे याला नकाशा म्हणत नाहीत, चार्टच म्हणतात, म्हणून मीही येथे तोच शब्द वापरते. खरेदीचे कारण एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न होता. समुद्राची पातळी वाढून किनारा आत सरकला, तर देशाची समुद्रातली हद्दही तेवढी मागे येते का, असे तिने विचारले होते. पाठ्यपुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही. उत्तराची सुरुवात ज्या कागदापासून होते तो कागद फोर्टातल्या दुकानात कोणालाही पैसे देऊन मिळतो, हे मला उशिरा कळले, आणि म्हणूनच हे परीक्षण लिहीत आहे.

प्रथम वस्तूविषयी. हे चार्ट भारतीय नौदलाच्या अखत्यारीतील डेहराडूनचे नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस तयार करते आणि ते अधिकृत विक्रेत्यांमार्फत मिळतात. कागद जाड असून पेन्सिलीने रेघ ओढून खोडली तरी तो सहज फाटत नाही. जमीन पिवळसर रंगात, उथळ पाणी निळ्या रंगात आणि खोल पाणी पांढरे दाखवलेले असते. जमीन आणि पाणी यांच्या मधे हिरवट पट्टा आहे. भरतीला बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा, कोळी बांधव ज्याला सुकतीचा भाग म्हणतात, तोच हा पट्टा. त्यातले आकडे अधोरेखित असतात. अधोरेखित आकडा खोली दाखवत नाही. ओहोटीला तो खडक किंवा चिखल चार्टच्या शून्य पातळीपासून किती वर येतो, ते मीटरमध्ये सांगतो. माझ्या विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवशी हे आकडे खोली म्हणूनच वाचले होते. शून्य पातळी म्हणजे ज्याच्या खाली ओहोटीचे पाणी सहसा जात नाही असा ठरवून घेतलेला तळ. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी या शून्यापेक्षा सुमारे अडीच मीटर वर असते. कोपऱ्यातल्या एका लहान चौकटीत बंदराचा कोणता तुकडा कोणत्या वर्षी मोजला, हे दिलेले असते, आणि डावीकडे खालच्या समासात आजवर केलेल्या दुरुस्त्यांचे क्रमांक येतात. चार्ट घेताना या दोन जागा आधी पाहाव्यात.

आता या कागदाचे वजन कशात आहे ते सांगते. १९८२ साली जमैकातील माँटेगो बे येथे स्वाक्षरीसाठी खुल्या झालेल्या आणि १९९४ पासून लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या पाचव्या कलमानुसार, देशाच्या सागरी हद्दी मोजण्याची सामान्य आधाररेषा म्हणजे त्या देशाने अधिकृत मानलेल्या मोठ्या प्रमाणाच्या, म्हणजे थोडा भाग मोठा करून दाखवणाऱ्या, चार्टवर दाखवलेली ओहोटीची रेषा. याच रेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, २४ मैलांपर्यंत संलग्न क्षेत्र आणि २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. मासे, तेल, वायू आणि समुद्रतळाची खनिजे यांवरचा हक्क या मोजणीवर ठरतो. भारताने १९७६ मध्येच यासाठी स्वतःचा कायदा केला आणि १९९५ मध्ये करारास मान्यता दिली. थोडक्यात, हिरव्या पट्ट्याची समुद्राकडची कडा ही केवळ जहाज रुतू नये म्हणून काढलेली रेघ नसून एका राष्ट्राच्या मोजपट्टीचे शून्य आहे. वर्गात हे सांगितले तेव्हा मुले चार्टवर अक्षरशः वाकली.

करारातील भाषा नीट वाचल्यावरच अडचण लक्षात येते. ‘चार्टवर दाखवलेली’ असे म्हटले आहे. पण चार्ट जुना झाला आणि ओहोटीची खरी रेषा आत सरकली, तर प्रमाण कोणते मानायचे? अनेक दशके कायदेपंडितांचा कल असा होता की आधाररेषा किनाऱ्याबरोबर सरकते. आंतरराष्ट्रीय कायदा संघ या कायदेतज्ज्ञांच्या संघटनेच्या समितीनेही २०१२ मध्ये हेच मत नोंदवले होते. त्या वेळी हा वाद पुस्तकी वाटला असेल, कारण पाणी संथपणे चढते. हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. मात्र २००६ नंतर वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. आपल्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवली गेली आहे आणि हिंद महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये तिची गणना होते. मुंबईकरांनी ज्याचा अभिमान बाळगावा अशा गोष्टींत मी ती धरते.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास आम्ही वांद्र्याच्या किल्ल्याखालच्या खडकांवर चार्ट घेऊन गेलो. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आगेमागे असते, त्यामुळे वर्ग भरण्यापूर्वी हे काम उरकता येते. चार्टवर हिरवा दाखवलेला काळ्या खडकाचा पट्टा समोर उघडा पडला होता. त्यावर शेवाळ, कालवांचे कवच आणि भेगांत अडकलेले प्लास्टिक होते. एका विद्यार्थ्याचे आजोबा माहीमचे जुने नाखवा. ते आमच्याबरोबर आले होते. चार्टवर बोट ठेवून ते म्हणाले, “बाई, हा पुढचा खडक आमच्या लहानपणी जास्त वेळ उघडा राहायचा. आता दिसतो न दिसतो तोच पाणी फिरतं.” मी म्हटले, “नाखवा, गाळ साचूनही तसं होत असेल ना?” त्यावर ते म्हणाले, “गाळ साचला असता तर खडक बुडाला नसता बाई, पुरला असता.” एका माणसाची आठवण म्हणजे मोजमाप नव्हे, हे मी मुलांना सांगितले, पण बुडणे आणि पुरणे यांतला फरक मला त्या सकाळी प्रथमच इतका स्पष्ट समजला.

मुंबईपुरते बोलायचे तर पाणी चढण्यापेक्षा माणसाने केलेली भर आणि खाड्यांतला गाळ यांनीच किनाऱ्याची रेषा अधिक हलवली आहे. सात बेटे जोडून झालेले हे शहर आहे, आणि २०२४ मध्ये पहिला टप्पा खुला झालेल्या किनारी रस्त्यासाठीही समुद्रात भराव घातला गेला. शिवाय साधे गणित केले तर किनाऱ्याचा उतार शंभरास एक असताना २० सेंटिमीटर पाणी वाढल्यास रेषा २० मीटर आत येते, आणि २०० मैल म्हणजे ३७० किलोमीटर. एवढ्या अंतरापुढे २० मीटर नगण्य ठरतात. मुख्य भूमीचा किनारा असलेल्या देशाला म्हणूनच लगेच धक्का बसत नाही. धक्का बसतो तो बेटांना.

वर्गात आम्ही दुसरे गणित केले. समुद्रात एकटे असलेले, माणसाच्या वस्तीस योग्य असे एक छोटे बेट घ्या. त्याच्याभोवती २०० मैल त्रिज्येचे वर्तुळ काढले तर सुमारे ४,३१,००० चौरस किलोमीटर समुद्र त्या देशाच्या वाट्याला येतो, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहूनही बराच अधिक. करारातील १२१वे कलम सांगते की जो खडक माणसाची वस्ती किंवा स्वतःचे आर्थिक जीवन पेलू शकत नाही, त्याला हे २०० मैल मिळत नाहीत, १२ मैलांचा प्रादेशिक समुद्र मात्र मिळतो. तो भरतो सुमारे १,५५० चौरस किलोमीटर. आणि जमीन भरतीला पूर्ण बुडून केवळ ओहोटीला उघडी पडू लागली, व मुख्य भूमीपासून किंवा दुसऱ्या बेटापासून १२ मैलांपेक्षा दूर असली, तर तिला स्वतःचा प्रादेशिक समुद्रही उरत नाही. काही हातभर पाण्यामुळे चार लाखांवरून दीड हजारावर आणि तिथून शून्यावर! पॅसिफिकमधल्या किरिबातीसारख्या बेटराष्ट्राची एकूण जमीन ८११ चौरस किलोमीटर आहे आणि आर्थिक क्षेत्र ३४ लाख चौरस किलोमीटरहून अधिक. त्याच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग ट्यूना पकडणाऱ्या परदेशी बोटींच्या परवान्यांतून येतो. ज्या देशाने हवा तापवणारे वायू जवळजवळ सोडलेच नाहीत, त्याने आधी जमीन गमवायची आणि मग तीच जमीन गेली म्हणून समुद्रही गमवायचा, हा नियम मला कोणत्याही बाजूने न्याय्य वाटत नाही.

आपल्याकडचीही उदाहरणे आहेत. लक्षद्वीपच्या बंगारम प्रवाळवर्तुळातील परळी नावाच्या बेटांपैकी एक झिजून नाहीसे झाल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. आसपास दुसरी बेटे असल्याने हद्दीचे गणित त्यामुळे कोसळले नाही, परंतु लक्षद्वीपच्या बळावर भारताला सुमारे चार लाख चौरस किलोमीटरचे आर्थिक क्षेत्र मिळते, हे ध्यानात घेतले की त्या बातमीकडे पाहण्याची नजर बदलते. बंगालच्या उपसागरात हरियाभंगा नदीच्या मुखाशी १९७०च्या चक्रीवादळानंतर एक बेट वर आले. आपण त्याला न्यू मूर किंवा पूर्वाशा म्हटले, बांगलादेशाने दक्षिण तलपट्टी म्हटले. १९८१ मध्ये भारताने तेथे झेंडा रोवला, आणि २०१० मध्ये उपग्रहचित्रे पाहून जादवपूर विद्यापीठातील अभ्यासकांनी ते पाण्याखाली गेल्याचे जाहीर केले. ज्यासाठी दोन देश तीन दशके भांडले, ते समुद्रानेच परत घेतले. ७ जुलै २०१४ रोजी लवादाने दोन्ही देशांची सागरी सीमा आखून दिली, तेव्हा वादातील २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाकडे गेले. पाणी वाढून किनारा बदलणार आहे, असा मुद्दा बांगलादेशाने मांडला होता. लवादाने म्हटले की सीमा आखतानाची भौगोलिक स्थिती हीच विचारात घ्यायची, आणि हवामान बदलाची शक्यता किंवा त्याचे परिणाम यांमुळे जगभरातल्या ठरलेल्या सागरी सीमा धोक्यात येऊ देता येणार नाहीत. निकाल आपल्याला तितकासा अनुकूल नव्हता. तरीही हे एक वाक्य पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडणारे आहे, असे माझे मत आहे.

त्यानंतर मतप्रवाह वेगाने बदलला. आंतरराष्ट्रीय कायदा संघाने २०१८ मध्ये भूमिका बदलून, रीतसर ठरलेल्या आधाररेषा समुद्रपातळीमुळे पुन्हा मोजण्याची सक्ती नसावी असे सुचवले. ऑगस्ट २०२१ मध्ये पॅसिफिक बेटांच्या मंचाने आपल्या हद्दी कमी होणार नाहीत असे एकत्रितपणे घोषित केले. त्यांतल्याच तुवालू या बेटराष्ट्राने २०२३ मध्ये आपल्या राज्यघटनेतच सीमा कायम असल्याचे लिहिले. अखेर २३ जुलै २०२५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलासंबंधीच्या सल्लादायी मतात स्पष्ट केले की आधाररेषांचे चार्ट किंवा अक्षांश-रेखांशांच्या याद्या एकदा रीतसर तयार झाल्या, की समुद्र वाढला म्हणून त्या अद्ययावत करण्याचे बंधन करारातील देशांवर नाही. सल्लादायी मत बंधनकारक नसते, परंतु न्यायाधीशांनी ते एकमताने दिले. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे असे झाले : रेषा एकदा नीट नोंदवली असेल, तर ती मागे घ्यावी लागत नाही.

मात्र येथे चार्टची दोन कामे एकमेकांपासून दूर जातात, आणि या परीक्षणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. जहाज चालवणाऱ्याला आजचा समुद्र हवा असतो : गाळ कुठे साचला, नवा दिवा कुठे लागला, बुडालेली बोट कुठे पडली आहे. राष्ट्राला मात्र नोंदवलेली जुनी रेषा हवी असते. एकाच कागदाने दोन्ही कामे करायची तर, आधाररेषा सरकते असे मानणाऱ्या जुन्या नियमाखाली सरकारांना खरा चार्ट छापण्याचीच भीती वाटली असती, कारण नवे सर्वेक्षण म्हणजे स्वतःच्या हातांनी हद्द कमी करणे. जपानने ओकिनोतोरी या एकाकी प्रवाळावरचे दोन इवलेसे खडक वाचवण्यासाठी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांच्याभोवती सिमेंट काँक्रीटची तटबंदी केली. चीन त्या खडकांना बेट मानायला तयार नाही. जुना नियम कोणत्या दिशेने नेतो, ते यावरून दिसते. रेषा नोंदीत कायम ठेवली, तर चार्ट मोकळेपणाने खरे बोलू शकतो. भारताने २००९ मध्ये आपल्या आधाररेषांच्या बिंदूंची अक्षांश-रेखांशांसह यादी जाहीर केली आणि पुढे ती संयुक्त राष्ट्रांकडे दिली. काही बिंदूंना शेजाऱ्यांनी हरकत घेतली आहे. तरी यादी वेगळी असल्याने डेहराडूनला बंदराचा चार्ट कितीही वेळा सुधारता येतो. ही व्यवस्था चांगली आहे.

ज्या सीमा ठरलेल्याच नाहीत, त्यांना मात्र या संरक्षणाचा उपयोग नाही. कच्छ आणि सिंध यांच्या मधली सर क्रीक ही सुमारे ९६ किलोमीटरची चिखलाची खाडी. तिच्या वादाचे मूळ १९१४ मध्ये मुंबई सरकारने, म्हणजे याच फोर्टातून कारभार करणाऱ्या शासनाने, काढलेल्या ठरावात आणि त्याला जोडलेल्या नकाशात आहे. पाकिस्तान नकाशातल्या पूर्व काठावरच्या हिरव्या रेषेकडे बोट दाखवतो, भारत नौकानयनयोग्य पात्राच्या मध्याचा आग्रह धरतो. खाडीचे मुख सरकत राहते, आणि मुखावरच समुद्रातल्या सीमेची सुरुवात अवलंबून आहे. २००७ मध्ये दोन्ही देशांनी एकत्र सर्वेक्षण केले, पण करार झाला नाही. पालघर जिल्ह्यातले खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि न आखलेल्या रेषेपलीकडे गेल्याच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढतात. माझ्या वर्गातल्या दोन मुलांचे नातेवाईक त्या बोटींवर आहेत. त्यांना हा धडा शिकवताना माझा आवाज स्थिर राहत नाही, हे मी लपवत नाही.

आता खरेदीविषयी. ज्या विक्रेत्याकडून मी चार्ट घेतला त्याने प्रथम दिलेल्या प्रतीच्या समासातली शेवटची दुरुस्ती वर्षभरापूर्वीची होती. “कॉलेजसाठीच हवाय ना मॅडम, मग चालेल,” असे काउंटरवरच्या गृहस्थांनी सांगितले. मी नकार दिला. चार्ट हा शोभेचा नकाशा नसून त्यावर दुरुस्त्या करत राहणे हाच त्याचा उपयोग आहे, हे मी त्यांना समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तीन दिवसांनी अद्ययावत प्रत दिली. ती मात्र घडी घालून दिली होती, आणि घडी नेमकी ठाण्याच्या खाडीच्या मुखावरून गेली आहे. तेव्हा घेणाऱ्यांनी शेवटच्या दुरुस्तीचा क्रमांक दुकानातच पाहावा, चार्ट नळीतच मागावा, आणि पावसाळ्यात प्लास्टिकचे वेष्टण घरून न्यावे. किंमत आवृत्तीप्रमाणे बदलते म्हणून देत नाही. शाळेच्या वार्षिक तरतुदीत ती सहज बसते. एक उणीवही नोंदवते : १२ मैलांची रेषा या मोठ्या प्रमाणाच्या चार्टच्या चौकटीबाहेर पडते, त्यामुळे हद्दी शिकवायच्या असतील तर किनाऱ्याचा लहान प्रमाणाचा चार्टही सोबत घ्यावा लागतो.

चार्टमधले बदल कळवणाऱ्या नौकानयनाच्या सूचना प्रसिद्ध झाल्या की आता आमच्या वर्गातली दोन मुले त्यातल्या मुंबईच्या नोंदी शोधून काढतात. गेल्या आठवड्यात ज्या विद्यार्थिनीने मूळ प्रश्न विचारला होता तिनेच जांभळ्या शाईने एका बोयाची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेची, जागा खोडून नवी मांडली आणि समासात वर्ष व क्रमांक लिहिला. आधाररेषेच्या बिंदूंची यादी आम्ही वेगळ्या कागदावर उतरवून चार्टशेजारी लावली आहे. त्या कागदावर तिने काहीही लिहिले नाही.